दुसरा प्रश्न : मराठीतील विज्ञानसंवादाची एक तपासणी

दिवाळी अंकात एका शास्त्रज्ञाची मुलाखत असावी, हा आता संकेतच झाला आहे. कथा, कविता, व्यंगचित्रे, वार्षिक राशिभविष्य आणि एक शास्त्रज्ञ. (राशिभविष्य आणि शास्त्रज्ञ एकाच अनुक्रमणिकेत गुण्यागोविंदाने नांदतात, हा आपल्या संपादकांचा उदारपणा.) गेली वीसेक वर्षे मी अशा मुलाखती कापून, वर तारीख घालून ठेवत आले आहे. कुणी अग्निबाण करणारे, कुणी विमानाची इंजिने तपासणारे, कुणी दुर्बिणीवर बसणारे. माणसे बदलतात, विषय बदलतात. प्रश्नांचा क्रम मात्र बदलत नाही. बालपण कुठे गेले? गणिताची गोडी कुणी लावली? परदेशातून परत का आलात? देवावर विश्वास आहे का? आणि शेवटी, आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?

या प्रश्नांत वाईट काही नाही. तक्रार वेगळी आहे. मुलाखतीच्या मध्ये कुठेतरी तो शास्त्रज्ञ आपल्या कामाबद्दल एखादे वाक्य बोलून जातो, आणि नेमके तिथेच मुलाखतकार पान उलटतो. समजा, थुंब्याला आयुष्य काढलेला एखादा अभियंता सांगतो की घन इंधनाच्या ठोकळ्यात तडा राहिला तर अग्निबाण फुटू शकतो. मुलाखतकार म्हणतो, "बापरे!" आणि पुढचा प्रश्न येतो : "या धावपळीत कुटुंबाला वेळ कसा देता?" तडा असला म्हणजे फुटतो का? जळण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो, वायू एकदम वाढतो आणि आतला दाब कवचाला पेलत नाही, म्हणून. मग तो तडा आत आहे हे बाहेरून कळते कसे? माणसाच्या हाडांसारखे त्या ठोकळ्याचेही क्ष-किरण चित्र काढतात. एवढे चार ओळींत सांगून झाले असते आणि वाचकाच्या हाती जन्मभर पुरणारी एक गोष्ट लागली असती. वसंत गोवारीकरांसारखा मराठी माणूस याच घन इंधनाच्या कामात वर्षानुवर्षे होता. पण इंधन म्हणजे काय हे आपल्याला कळले नाही, ते मोठे होते एवढेच कळले.

मी याला दुसरा प्रश्न म्हणते. पहिला प्रश्न घरून लिहून आणता येतो. दुसरा समोरच्याच्या उत्तरातून निघतो, म्हणून त्यासाठी ऐकावे लागते आणि आपल्याला कळले नाही हे चारचौघांत दाखवावे लागते. मराठीतला विज्ञानसंवाद या दुसऱ्या प्रश्नापाशी अडतो, असे माझे म्हणणे आहे. तो नेहमीच असा होता असे मात्र नाही.

आपल्याकडच्या जुन्यातल्या जुन्या संवादांपैकी एक बृहदारण्यक उपनिषदात आहे. गार्गी विचारते, हे सगळे पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? वाऱ्यात. वारा कशात? अशी एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला थांबवतो : फार विचारू नकोस, डोके गळून पडेल. आपल्या व्याख्यानांतून ही कथा बहुतेकदा इथेच संपते आणि 'अतिप्रश्न' करू नये असे तिचे तात्पर्य निघते. पण पुढे दोनच ब्राह्मणे ओलांडली की गार्गी पुन्हा उठते, आणि आता दोन प्रश्न घेऊन येते, धनुष्याला दोन बाण लावून यावे तशी. या वेळी याज्ञवल्क्याला उत्तर द्यावे लागते. धमकीनंतरचा हा भाग सांगितला जात नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आधुनिक विज्ञान सामान्य माणसाच्या भाषेत उतरले तेही संवादाच्याच रूपाने. गॅलिलिओने १६३२ साली आपला ग्रंथ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला आणि तीन माणसे बोलायला बसवली. त्यातला सिम्प्लिचिओ हा जुन्या मताचा. पण त्याच्या शंका नसत्या तर बाकीच्या दोघांना काही सिद्ध करायची गरजच पडली नसती. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे.

मला जास्त जवळची वाटते ती जेन मार्सेट. लंडनला हम्फ्री डेव्हीची रसायनावरची व्याख्याने ऐकताना तिला पुष्कळसे कळत नसे, आणि नंतर ओळखीच्या माणसाशी बोलताना तेच उलगडत जाई. त्या अनुभवातून तिने १८०६ साली रसायनावरचे संवाद छापले. बरीच वर्षे पुस्तकावर तिचे नावही नव्हते. त्यात मिसेस बी ही शिक्षिका आणि एमिली, कॅरोलाइन या दोन मुली. एमिली शहाणी, कॅरोलाइन उतावळी, मध्येच तोंड घालणारी. पुस्तकाचा जीव कॅरोलाइनमध्ये आहे. ती कंटाळते, चुकीचा निष्कर्ष काढते, आणि त्यामुळे मिसेस बीला तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगावी लागते. हे पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका लोहाराच्या मुलाच्या हाती पडले. त्यातली विधाने त्याने जमतील तशा लहानसहान प्रयोगांनी पडताळून पाहिली आणि ती खरी निघाली. तो मुलगा मायकेल फॅरडे. वीजनिर्मितीच्या मुळाशी असलेला शोध लावणाऱ्या माणसाचे रसायनातले पहिले गुरुजी असे संवादातून आले होते. मोठेपणीही तो मार्सेटबाईंचे ऋण सांगत असे.

आता मराठीकडे येते. १८३० च्या दशकात मुंबईत हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांवरची संवादरूप पुस्तके मराठीत आणली. रसायनाचे पुस्तक मार्सेटबाईंच्या संवादांवरून होते. म्हणजे मराठीत आधुनिक विज्ञान अगदी आरंभी आले ते 'विचारा आणि सांगतो' या रूपात. (गॅलिलिओचा संवाद रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गळला तो १८३५ साली, म्हणजे त्याच दशकात. योगायोगच, पण लक्षात राहणारा.) पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'साठीही हाच घाट निवडला. धोंडीबा तिथे नुसता हुंकार देणारा नाही. तो शंका काढतो, मग असे कसे म्हणून अडवतो.

मग हा घाट गेला कुठे? मला वाटते, तो शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांत विरघळला. धडा विधानांचा झाला आणि प्रश्न धड्याच्या शेवटी गेले. वरवर पाहता बदल लहान आहे, पण त्यात प्रश्नाची दिशाच उलटली. संवादात ज्याला ठाऊक नाही तो ज्याला ठाऊक आहे त्याला विचारतो. स्वाध्यायात ज्याला ठाऊक आहे तो ज्याला ठाऊक नाही त्याला विचारतो, आणि पाच गुण ठेवतो. असल्या पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तज्ज्ञापुढे प्रश्न विचारणे म्हणजे आपलीच परीक्षा वाटते. मुलाखतकार दुसरा प्रश्न टाळतो त्यामागे आळसापेक्षा ही भीती जास्त असावी.

दुसरा प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, याचे मराठी वाचकाला सर्वांत परिचित उदाहरण विमानाचे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, ही गोष्ट आपल्याकडे लेखांत, व्याख्यानांत आणि २०१५ साली एका हिंदी चित्रपटातही आली. तळपदे हे खरे गृहस्थ, त्यांची विमानाची ओढही खरी. पण त्या उड्डाणाचा त्या काळचा, तपासता येईल असा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते, हे आपल्याला माहीत असते. छायाचित्र आहे, पाच साक्षीदार आहेत. चौपाटीबद्दल मात्र इंजिन कोणते, वजन किती, उतरले कसे, हे सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही. विचारले तर देशाभिमानावर संशय येतो.

या गोष्टीला ज्याचा आधार दिला जातो तो 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. त्याची जन्मकथा आपल्या विषयाला विलक्षण लागू पडते. भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेला हा मजकूर १९१८ ते १९२३ च्या सुमारास पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला आणि वेंकटाचल शर्मा यांनी उतरवून घेतला. म्हणजे एक सांगणारा आणि एक लिहिणारा. प्रसंग संवादाचा, पण त्यात प्रश्नच नाही. हिंदी आवृत्ती १९५९ साली निघाली, इंग्रजी १९७३ साली.

त्यानंतर वर्षभरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. तो निबंध मी मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला वाचायला सांगेन, आणि विमानशास्त्रासाठी नव्हे, तर वाचनाच्या पद्धतीसाठी. ग्रंथाची खिल्ली उडवून ते मोकळे झाले नाहीत. आधी भाषा पाहिली : संस्कृत वैदिक नाही, अगदी अलीकडचे आहे. मग ग्रंथ कुठून आला याचा माग काढला आणि तो १९०४ च्या मागे जात नाही असे दाखवले. चित्रे कुणी काढली? अभियांत्रिकी शिक्षणाशी संबंध असलेल्या एका स्थानिक आरेखकाने, शास्त्रींच्या सांगण्यावरून. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांची मापे घेऊन हिशेब मांडला, आणि यांतले एकही उडण्याच्या लायकीचे नाही असा निर्णय दिला. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी नमुने करून पाहिले होते आणि त्यांतला एकही उडाला नव्हता, हेही त्यात नोंदलेले आहे. हे पाच जण परंपरेचे वैरी नव्हते. त्यांतले नागेंद्र पुढे योगविद्येच्या कार्यातच रमले. त्यांनी ग्रंथाला फक्त तो मान दिला जो भक्तांनी दिला नव्हता : त्याला दुसरा प्रश्न विचारला.

हे १९७४ साली झाले. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये याच ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. बातम्या आल्या, टीका झाली, समर्थन झाले. चाळीस वर्षांपूर्वीचा तो निबंध मराठीत सविस्तर कुणी आणला असता तर निदान वाद तरी पुढच्या इयत्तेत गेला असता.

अवकाशाच्या बाबतीत आपली गत जरा निराळी आहे. तिथे अभिमानाला जागा आहे आणि ती खरी आहे. अडचण अशी की अभिमान प्रश्नाची जागा घेतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर आदळला. त्या रात्रीचे आपल्याकडचे बहुतेक लेखन अश्रूंचे आहे. प्रत्यक्षात काय बिघडले हे नीट कळले ते २०२३ च्या जुलैत, चांद्रयान-३ निघण्याच्या सुमारास, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी सांगितले तेव्हा. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांचा जोर अपेक्षेहून जास्त झाला. चुका साचत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला भरभर वळायचे होते, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटरची, तीही गाठायची होती. पुढच्या वेळी ती जागा ४ किलोमीटर बाय २.५ किलोमीटर केली. अपयशाचे इतके स्वच्छ वर्णन मराठी गद्यात एरवी क्वचित भेटते. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरले, तेव्हा मला पेढ्यांपेक्षा हा ५०० मीटरचा तपशील जास्त आनंद देऊन गेला, कारण आता कळत होते की नेमके काय जमले आहे.

कधी कधी अवकाश स्वतःहून आपल्या दारात येते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढे धातूचे गोळेही सापडले. त्या रात्री उल्कावर्षाव, उपग्रह, आणखी काय काय सांगून झाले. चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाचा, २०२१ च्या फेब्रुवारीतल्या उड्डाणातला, वरचा टप्पा खाली आला असावा, असा जाणकारांचा निष्कर्ष निघाला. इस्रोची माणसेही येऊन पाहून गेली.

लाडबोरीच्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर प्रश्न ओळीने सुचतात. याला हात लावावा का? एवढे सगळे जळाले, मग हे का उरले? घरावर पडले असते तर भरपाई कुणी दिली असती? तिसऱ्या प्रश्नाला चोख उत्तर आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर केलेल्या नुकसानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशाची असते, चूक सिद्ध करावी लागत नाही. सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह १९७८ साली कॅनडात कोसळला, तेव्हा पुढे तीस लाख कॅनडियन डॉलर भरपाई मिळाली. मी त्या आठवड्यात पाहिलेल्या, वाचलेल्या मराठी चर्चांत हा करार कुठे आला नाही. कडे किती मोठे आहे, हे मात्र प्रत्येकाने सांगितले.

जयंत नारळीकरांबद्दल २० मे २०२५ नंतर पुष्कळ लिहिले गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली होती, ही आठवण बहुतेकांनी सांगितली. मला त्यांची दुसरी एक सवय साहित्यिकदृष्ट्या महत्त्वाची वाटते. व्याख्यानानंतर मुले सहीसाठी गर्दी करत, तेव्हा ते म्हणत, सही नको, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव; उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. या एका अटीने त्यांनी भक्ताचा विचारणारा केला. मुलाखतीतला शेवटचा 'संदेश' त्यांनी असा रद्द करून टाकला. पोस्टकार्डाची मर्यादा आहेच : उत्तर आले की व्यवहार संपला, कॅरोलाइनसारखे मध्ये तोंड घालता येत नाही. तरी जे आपल्याकडच्या संपादकांना सुचले नाही ते एका खगोलशास्त्रज्ञाने पंधरा पैशांच्या कार्डावर करून दाखवले.

हे सारे वाङ्मयीन घाटापुरते असते तर मी एवढे लांबवले नसते. मी ज्या जिल्ह्यात राहते तिथे संवाद एकतर्फी असण्याचा अर्थ फार सरळ आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तज्ज्ञ सल्ला देत नव्हते असे नाही. वर्तमानपत्रांत 'शेतकऱ्यांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे' होती, डब्यावर रंगीत त्रिकोण होता, बारीक अक्षरांत सूचना होत्या. किती लिटरला किती मिली, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली, फवारा तोंडावर येतो, तर काय करायचे? दोन औषधे एकत्र केली तर? मजुराला तोंडावर बांधायला रुमालाशिवाय काही नसेल तर? हे प्रश्न ज्याला विचारता आले असते असा गावातला एकमेव 'तज्ज्ञ' म्हणजे औषध विकणारा दुकानदार.

आणि २०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शाळा मध्येच सुटलेला, वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण स्वतः हेलिकॉप्टर बांधत होता. दोन वर्षे खपून, मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्याने सांगाडा उभा केला. चाचणी घेताना पाते तुटले, डोक्याला लागले आणि तो गेला. बातम्यांनी त्याला सिनेमातल्या नायकाचे नाव दिले, हळहळ व्यक्त केली. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या वैमानिक अमोल यादवांना नोंदणीसाठी किती दारे झिजवावी लागली आणि ती २०१७ साली कशी मिळाली, हे आपण कौतुकाने वाचले होते. पण यादव स्वतः वैमानिक, त्या जगातल्या माणसांशी बोलू शकणारे. या मुलाजवळ फक्त व्हिडिओ होते. व्हिडिओतला माणूस जाणकार असतो, तो पुन्हा पुन्हा सांगतो, मागे नेऊन ऐकता येते. विचारता मात्र येत नाही. आणि तोही विचारत नाही, की बाबा, पाते आसाला कशाने जोडले आहेस?

राइट बंधूही सायकलीच्या दुकानातलेच होते, महाविद्यालयात न गेलेले. पण ३० मे १८९९ ला विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले की उड्डाणावर जे काही छापले गेले आहे ते मला हवे आहे, आणि संस्थेने पुस्तिका व ग्रंथांची यादी पाठवली. पुढच्या वर्षी त्याने ऑक्टेव्ह शानूट या ज्येष्ठ अभियंत्याला लिहिले. मग दहा वर्षे शेकडो पत्रे. लिलिएन्थालच्या कोष्टकातले आकडे आपल्या ग्लायडरशी जुळत नाहीत, असे का, हा प्रश्न त्या पत्रांत येतो, आणि त्यातूनच १९०१ साली दुकानात एक लाकडी बोगदा उभा राहतो, वारा सोडून पंखांचे लहान नमुने तपासण्यासाठी.

आमच्या मुलाला कुणी विचारले असते तर हिशेब कागदाच्या एका बाजूवर मावला असता. पात्याचा एक किलो वजनाचा तुकडा आसापासून दोन मीटरवर आहे आणि मिनिटाला ६०० फेऱ्या फिरतो आहे असे धरू. तो सुटून जाऊ नये म्हणून जोडाला सुमारे ७,९०० न्यूटन, म्हणजे साधारण ८०० किलोचे ओझे टांगल्याइतकी ओढ सोसावी लागते. तीही एका किलोसाठी. फेऱ्या दुप्पट केल्या तर ओढ चौपट होते. पात्यांचे वजन थोडे जरी असमान असले तर ही ओढ दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही आणि सगळा सांगाडा थरथरू लागतो. म्हणून पहिली चाचणी माणूस आत न बसवता, जवळ कुणाला उभे न करता, दुरून घ्यायची असते. वर्तुळाकार गतीचे हे सूत्र अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि यवतमाळ शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत.